आईला समोर बघितल्याशिवाय शिक्का नाही: सांगलीतल्या एका नोटरी ऑफिसचा अनुभव

सांगलीत विजयनगरला कोर्टाच्या जवळ एक नोटरी ऑफिस आहे, पहिल्या मजल्यावर, वकील बाई आहेत, त्यांच्याकडे गेल्या दोन महिन्यांत आमची तीन-चार कामं झाली आणि हे लिहून टाक म्हणून आईच मागे लागलीय. नाव टाकत नाही कारण मॅडमनीच नको म्हटलं, वकिलांना जाहिरात करता येत नाही. पण नोटरीकडे गेल्यावर नेमकं काय बघायचं असतं हे चाळिशी ओलांडली तरी मला माहीत नव्हतं, आणि माझ्यासारखे खूप लोक असणार, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात अशी झाली. बाबा गेल्यावर बँकेत आईच्या नावाचा घोळ निघाला. पासबुकावर तिचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं. बँकेनं सांगितलं की दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असं अफिडेव्हिट (प्रतिज्ञापत्र) नोटरी करून आणा. आईचा खुबा मोडलेला, ती घराबाहेर पडत नाही, म्हणून मी एकटीच गेले. रस्त्यावर टेबल टाकून नोटरी बसलेले असतात त्यातल्या एकानं मला लगेच बोलावलं, काय पाहिजे ताई, पाचशेचा बॉण्ड (स्टॅम्प पेपर) घ्या (ऑक्टोबर २०२४ पासून शंभराचा चालत नाही), टायपिंग करून देतो, घरी नेऊन आईची सही घेऊन या, शिक्का मारून ठेवतो. मी तसंच केलं. दुसऱ्या दिवशी कागद दिला, त्यांनी वर सुद्धा बघितलं नाही, धपाधप चार ठिकाणी शिक्का, सही, तीनशे रुपये झाले. पावती नाही. पाच मिनिटांत काम झालं म्हणून मी खूश होऊन घरी आले, हे खरं आहे ते लिहिते.

बँकेतल्या साहेबांनी कागद उलटा-सुलटा करून बघितला आणि विचारलं, रजिस्टर नंबर कुठाय? मला कळेना. ते म्हणाले नोटरीच्या रजिस्टरला नोंद केली की तिचा अनुक्रमांक कागदावर येतो, इथं जागा मोकळी आहे. मग म्हणाले, आई गेल्या होत्या का त्यांच्यासमोर? मी गप्प. कागदावर तर लिहिलेलं होतं की सदर व्यक्तीनं माझ्यासमोर शपथेवर सांगितलं आणि माझ्यासमोर सही केली. त्या माणसानं माझ्या आईला आयुष्यात बघितलेलं नाही. साहेबांनी कागद परत दिला आणि जे बोलले ते माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणाले आज तुम्ही आईच्या भल्यासाठी केलंत, उद्या दुसरा कोणीतरी असाच तुमच्या आईचा अंगठा घेऊन येईल की.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आई ७४ वर्षांची, चष्म्याशिवाय दिसत नाही, घर बाबांच्या नावावर, आणि कुठल्याही कागदावर तिच्या नावानं कोणीही काहीही सही करून आणलं तर तीनशे रुपयांत त्याच्यावर गोल शिक्का बसतो.

मग मैत्रिणीनं या मॅडमचा पत्ता दिला. ऑफिसच्या बाहेर बोर्ड आहे, त्यावर नाव, नोंदणी क्रमांक, कुठल्या भागासाठी नेमणूक आहे ते (सांगली जिल्हा) आणि सर्टिफिकेट कधीपर्यंत चालू आहे ती तारीख. ही तारीख बघायची असते हे मला तिथंच कळलं. नोटरीचं सर्टिफिकेट पाच वर्षांचं असतं, नंतर रिन्यू करावं लागतं, संपलं असेल तर शिक्का मारायचा अधिकारच नाही. दाराच्या बाहेर एक आणि आत भिंतीवर एक असं दरपत्रक लावलेलं. मी विचारलं दोन दोन कशाला, तर त्यांचा ज्युनियर आहे (सगळे त्याला मॅडमचा मुलगा समजतात, पण तो मुलगा नाही) तो म्हणाला १९५६ च्या नियमांतच तसं आहे, आत पण लावायचं आणि बाहेर पण, माणसानं आत यायच्या आधीच रेट वाचला पाहिजे. कोर्टाच्या आसपास मी इतकी वर्षं जातेय येतेय, असं दरपत्रक मी दुसरीकडे बघितलेलं आठवत नाही.

मॅडमना सगळं सांगितलं. पहिला कागद पण दाखवला. त्या रागावल्या नाहीत, कागद बाजूला ठेवला आणि म्हणाल्या हा वापरू नका, फाडून टाका, आपण नवीन करू. मी म्हटलं आई येऊ शकत नाही. म्हणाल्या मग मी येते. पण आईंना समोर बघितल्याशिवाय मी सही करणार नाही, त्यांचं आधार ओरिजिनल बघणार, आणि त्यांच्याशी मी स्वतः बोलणार, तुम्ही मध्ये बोलायचं नाही.

आल्या की हो खरंच. गुरुवारी संध्याकाळी कोर्ट सुटल्यावर, स्कूटीवर, पिशवीत ते मोठं रजिस्टर घालून. आईच्या पलंगाशेजारी स्टूल घेऊन बसल्या. मला म्हणाल्या ताई तुम्ही जरा स्वयंपाकघरात जाता का. मी गेले पण दार उघडं होतं, सगळं ऐकू येत होतं. आधी पाच मिनिटं नुसत्याच गप्पा, गाव कुठलं, माहेर कुठलं, आज वार कुठला, जेवण झालं का. मला तेव्हा वाटलं वेळ घालवतायत, नंतर कळलं की आई शुद्धीवर आहे, तिला कळतंय सगळं, हे त्या तपासत होत्या. मग प्रतिज्ञापत्र पूर्ण मराठीत सावकाश मोठ्यानं वाचून दाखवलं, एकेक वाक्य झालं की थांबून, "आजी, हे खरं आहे का?" आई प्रत्येक वेळी होय म्हणत होती. एका ठिकाणी म्हणाली, "नाही, लग्न त्या साली नाही झालं बाई, दुष्काळ पडला त्याच्या पुढच्या साली झालं." टायपिंगची चूक निघाली! माझ्याही लक्षात आली नव्हती. मॅडमनी तिथंच ते खोडून दुरुस्त केलं, बाजूला आईची सही घेतली आणि स्वतःची पण. मग विचारलं, कोणी जबरदस्ती केली नाही ना, तुम्ही आपल्या मनानं सही करताय ना. मग सही. मग रजिस्टर उघडलं, अनुक्रमांक, तारीख, कसला कागद, कोणाचा, पत्ता, फी किती, आणि त्या ओळीत परत आईची सही. सगळं झाल्यावर शिक्का.

तो शिक्का मी पहिल्यांदाच नीट बघितला. साधा गोल, नियमात मापसुद्धा दिलंय म्हणे, पाच सेंटिमीटर व्यास. त्यात नाव, भाग, नोंदणी क्रमांक, नोटरी हा शब्द आणि कुठल्या सरकारनं नेमलं ते. केंद्र सरकार पण नोटरी नेमतं आणि राज्य सरकार पण, १९५२ चा नोटरी कायदा आहे त्याखाली. वकिली दहा वर्षं केलेली लागते, महिला आणि मागासवर्गीयांना सात वर्षं. २०२४ मध्ये केंद्रानं महाराष्ट्रात हजारोंनी नवे नोटरी नेमले त्यामुळं आता गल्लोगल्ली बोर्ड दिसतात, सोय झाली हे चांगलंच, पण कोणाकडे जायचं हे बघायची जबाबदारी पण आपल्यावर आली.

आईनं नंतर मला विचारलं, ही बाई किती घेते गं? पावती दाखवली. फी वेगळी, येण्या-जाण्याचा खर्च वेगळ्या ओळीत, टायपिंग वेगळं. मॅडमचं म्हणणं की पावती देणं ही मेहरबानी नाही, नियमात आहे, आणि घेतलेल्या प्रत्येक रुपयाची नोंद पण ठेवावी लागते. दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मागच्या वर्षी किती आणि कसली कामं केली याचं विवरणपत्र सरकारला पाठवायचं असतं. रजिस्टरची तपासणी पण होऊ शकते. म्हणजे विचार करा, त्या टेबलवाल्यानं माझा कागद रजिस्टरला चढवलाच नाही, तर त्या विवरणपत्रात तो कागद नाही, उद्या कोर्टात प्रश्न आला तर त्याच्याकडे दाखवायला काहीच नाही, आणि फसणार कोण तर आई.

दुसरं काम हक्कसोडपत्राचं. घर बाबांच्या नावावर, मला आणि भावाला दोघांनाही वाटतं की घर आईच्या एकटीच्या नावावर व्हावं, तिच्या हयातीत कोणी तिला हल म्हणू नये. भाऊ जयसिंगपूरला असतो. तो म्हणाला नोटरी करून टाकू हक्कसोड, आमच्याकडे सगळे तसंच करतात. मी मॅडमना फोन केला, तुम्ही जयसिंगपूरला येता का त्याची सही घ्यायला, तुमचा येण्याचा खर्च देऊ. त्यांनी दोन्ही गोष्टींना नाही म्हटलं. एक म्हणजे अंकलीचा पूल ओलांडला की कोल्हापूर जिल्हा, माझी नेमणूक सांगली जिल्ह्याची, तिकडे जाऊन मी शिक्का मारला तर त्याला अर्थ नाही, भावाला इकडे येऊ दे. आणि दुसरं म्हणजे हक्कसोडपत्र नोटरीवर होतच नाही. घर-जमिनीतला हक्क सोडायचा तर ते दुय्यम निबंधकाकडे रजिस्टरच करावं लागतं, नोटरी केलेलं हक्कसोड घेऊन गेलात तर तलाठी सुद्धा नोंद धरणार नाही. त्यांनी ठरवलं असतं तर दोन हजार घेऊन शिक्का मारून दिला असता, आम्हाला काय कळणार होतं? उलट रजिस्टर ऑफिसला काय काय कागद लागतात ते एका चिठ्ठीवर लिहून दिलं आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. ते काम मागच्या आठवड्यात झालं.

आता जे लिहितेय ते सांगली-मिरज-कुपवाडच्या लोकांनी जरूर वाचा. बाबांनी १९९४ साली एक गुंठा-दीड गुंठ्याचा तुकडा घेतला होता, "नोटरीवर". हा शब्द आपल्याकडे किती सहज वापरतात, नोटरीवर घेतलंय, नोटरीवर दिलंय. २०१९ च्या पुरात तो कागद भिजला, आईनं एकेक पान तव्यावर ठेवून मंद आचेवर वाळवून जपून ठेवलेला आहे, कडा तपकिरी झाल्यात पण शिक्का दिसतो. आम्ही इतकी वर्षं तो शिक्का बघून जागा आपली आहे असंच समजत होतो. मॅडमनी तो कागद हातात घेतला, बराच वेळ वाचला आणि खरं ते सांगितलं. म्हणाल्या, ताई, नोटरीनं एवढंच सांगितलंय की या तारखेला या माणसानं या कागदावर सही केली. जागा कोणाची हे नोटरी सांगत नाही, सांगू पण शकत नाही. मालकी खरेदीखत रजिस्टर झाल्यावरच जाते, सुप्रीम कोर्टानं पण २०११ मध्ये सांगितलंय की मुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) आणि साध्या करारावर जमिनीची मालकी जात नाही.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाबांनी पै पै साठवून घेतलेली जागा होती. मॅडम म्हणाल्या कागद टाकून देऊ नका, पैसे दिल्याचा आणि ताबा घेतल्याचा पुरावा म्हणून त्याची किंमत आहे, गुंठेवारीचा (विनापरवाना पाडलेल्या लहान तुकड्यांचा) कायदा २००१ चा आहे आणि २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला वाढवलीय, महापालिकेत जाऊन चौकशी करा, नियमित करून घेता येतं का बघा, आणि मूळ मालकाचे वारस आहेत तोपर्यंत खरेदीखत करून घ्या. हे काम अजून चालू आहे. पण तीस वर्षांत आम्हाला हे सांगणारं पहिलं माणूस त्या. त्या काळी ज्यांनी शिक्का मारला त्यांनी बाबांना एवढं एक वाक्य सांगितलं असतं तर?

त्यांच्या ऑफिसात बसून वाट बघताना मी बरंच ऐकलं. एक मुलगा-मुलगी आले होते, वीस-बावीस वर्षांची असतील, घाबरलेली, नोटरी मॅरेज करायचंय म्हणाले. मॅडमनी दोघांना बसवलं, पाणी दिलं, सांगितलं बाळांनो असं लग्न नसतं. नोटरी काही विवाह अधिकारी नाही, ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राच्या विधी विभागानं तर लेखीच सांगितलंय की लग्नाचे आणि घटस्फोटाचे कागद नोटरीनं करायचे नाहीत. विशेष विवाह कायद्याखाली अर्ज करा, तीस दिवसांची नोटीस असते, हे हे पुरावे लागतात. पोरीनं विचारलं, पण आमच्या मैत्रिणीचं झालं की नोटरीवर. मॅडम म्हणाल्या, तिला सांग परत एकदा नीट लग्न करून घे, उद्या काही झालं तर तिच्या हातात बाराशे रुपयांचा कागद आहे आणि बाकी काही नाही. मला वाटतं त्या दिवशी त्या मुलीचं केवढं तरी नुकसान टळलं.

एक काका भाडेकरार घेऊन आले, अकरा महिन्यांचा, नोटरी करा म्हणून. त्यांना पण परत पाठवलं, महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि रजिस्टर असलाच पाहिजे, अकरा महिन्यांचा असला तरी, आणि ती जबाबदारी घरमालकाची, नाहीतर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. काका चिडून गेले, म्हणाले खाली दोनशेत करून देतात. देतात की. तेच तर दुखणं आहे.

आणि एका कॉलेजच्या मुलाला तर सांगितलं की तुला माझी गरजच नाही, दाखल्यासाठी स्वयंघोषणापत्र चालतं, स्वतः लिही, स्वतः सही कर, आणि झेरॉक्सवर पण स्वतःचीच सही चालते. सरकारी ऑफिसला किंवा कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला बॉण्ड सुद्धा लागत नाही, साध्या कागदावर होतं, हे पण मला तिथंच कळलं. किती लोकांचे पाचशे पाचशे असे फुकट जात असतील.

माझी मामेबहीण म्हापशाला दिलीय, तिला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली आमच्याकडे वेगळंच असतं. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनची पद्धत आहे, तिथं सब-रजिस्ट्रारच विशेष नोटरी म्हणून बसतो, वारसांचा दस्त त्याच्याच पुस्तकात लिहिला जातो, मृत्युपत्र पण. तिच्या सासऱ्यांच्या वारसांचं काम तसंच झालं. आपल्याकडचा नोटरी आणि तिथला नोटरी, शब्द एक पण काम दोन, त्यामुळं गोव्यात कोणाची मालमत्ता असेल त्यांनी इथल्या नोटरीचा कागद घेऊन तिकडे जायची घाई करू नका, आधी तिथं विचारा.

तिसरं काम कुलमुखत्यारपत्राचं, आईकडून माझ्या नावानं, बँक, लाइट बिल, महापालिका यासाठी. मी म्हटलं सगळेच अधिकार लिहून टाका म्हणजे परत परत नको. मॅडम म्हणाल्या नको, जेवढी कामं आहेत तेवढीच लिहा, विक्रीचा अधिकार टाकू नका, तुमच्यावर अविश्वास नाही पण हा कागद हरवला, दुसऱ्याच्या हातात गेला तर आईंचं काय. परत घरी आल्या, परत पूर्ण वाचून दाखवलं, परत रजिस्टर. आई म्हणाली, "आलीस का गं, बस, चहा घे." आता आईला त्यांची वाट बघायची सवय झालीय.

जे पटलं नाही ते पण लिहिते. लिफ्ट नाही, जिना अरुंद आहे आणि म्हाताऱ्या माणसांना तो चढणं फार अवघड, ज्युनियर खाली येऊन कागद घेतो पण सहीसाठी मॅडमनाच उतरावं लागतं आणि त्या कोर्टात असल्या तर तासभर थांबावं लागतं. मी एकदा पावणेदोन तास बसले. बाकड्यावर चारच माणसं मावतात. फोन उचलत नाहीत, मेसेज केला तर रात्री उत्तर येतं. आणि ज्या केसमध्ये त्या स्वतः वकील आहेत त्यातलं प्रतिज्ञापत्र त्या दुसऱ्या नोटरीकडे पाठवतात, बरोबरच आहे ते, पण पक्षकाराला परत एक चक्कर पडते.

पहिल्या टेबलवाल्याबद्दल मी तक्रार करावी का हे मी मॅडमना विचारलं. त्यांनी कोणाबद्दल वाईट बोलायला नकार दिला, फक्त रस्ता सांगितला, ज्या सरकारनं नेमलंय त्याच्याकडे लेखी तक्रार करता येते, चौकशी होते, आणि गैरवर्तन सिद्ध झालं तर सरकारच्या नोटरींच्या रजिस्टरमधून नाव काढतात. मी अर्ज लिहून ठेवलाय, सोबत तो रजिस्टर नंबर नसलेला कागद जोडतेय, फाडला नाही मी तो.

बँकेचं काम झालं. साहेबांनी नवीन कागदावरचा नंबर वाचला, शिक्का बघितला आणि काही न विचारता पेन्शनचा फॉर्म पुढे सरकवला.

जाणार असाल तर ज्याची सही आहे त्या माणसालाच घेऊन जा, ओरिजिनल आधार न्या, झेरॉक्सवर त्या काही करत नाहीत, सही घरून करून नेऊ नका, तिथं त्यांच्यासमोरच करायची. साडेदहाच्या आत गेलात तर लवकर होतं, नाहीतर थेट संध्याकाळी पाचनंतर. जिना चढता येत नसेल तर आदल्या रात्री मेसेज करून ठेवा, त्या येतात.